पूजेतून उठलेला कीबोर्ड

दसऱ्याच्या सकाळी कर्नाटकाच्या हद्दीतल्या रामनगरात धुकं असं बसलं होतं, की हमरस्त्यावरच्या लॉऱ्या दिसायच्या आधी ऐकू यायच्या. पाऊस संपून आठ-दहा दिवस झाले होते, तरी कौलांच्या कडेनं दव ठिबकत होतं. केशर मिराशीनं म्हशीची धार काढली, दारात सडा घातला, घरातच असलेल्या आपल्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाच्या चौकटीला झेंडूची माळ बांधली आणि मांडीवर सूप घेऊन पायरीवर तांदूळ निवडायला बसली. सणाचा भात. त्यात खडा लागला तर सासू पुढच्या दसऱ्यापर्यंत सांगत फिरली असती.

सूप अर्धं झालं नव्हतं तोच धुक्यातून येसू वेळीप आला. डोक्याला टॉवेल, काखेत वही.

"पूजा हलवलीस काय, बाय?"

"आत्तींची आंघोळ व्हायची हाय, अण्णा. बसा, च्या घ्या."

"च्या नगं. तू पूजा हलीव."

कालपासून येसूअण्णाचा जीव त्या पूजेत अडकला होता. काल खंडेनवमी. केशरच्या घरात खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, विळी, नवऱ्याची मोटरसायकल असं सगळं ओळीनं पूजेला बसतं, आणि गेली सहा वर्षं त्या ओळीत कंप्युटर आणि प्रिंटरही बसतात. एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस निजू द्यायचं. हा नियम राखायचं काम केशरच्या सासूकडं, बायजाकडं. काल सकाळी दहाला तिनं पूजा केली आणि बाराला येसूअण्णा नाटकाचा शेवटचा अंक घेऊन दारात उभा राहिला.

"दोन तास आदी यायला काय झालतं?" बायजानं विचारलं होतं.

"शेवट बदलत व्हतो."

"मग आता एक दिस आणि बदल."

तो रामनगरातच भाचीकडं मुक्कामाला राहिला.

येसूअण्णा बाजारकुणंगकडच्या एका वाडीतला. शेतात भात, परसात कणगं, सुरण असले कंद, आणि दिवाळीनंतर जत्रेत नाटक. चौतीस वर्षं त्यानं नाटकात काम केलं आणि चौतीस वर्षं तो गडीच झाला. राजाचा गडी, पाटलाचा गडी, एकदा डॉक्टरचा गडी. "आलो, मालक" हे वाक्य त्यानं इतक्या तऱ्हांनी म्हटलं होतं की घरात बायकोनं हाक मारली तरी तोंडातून तेच यायचं. ह्या माणसानं तीन वर्षं खपून स्वतःचं नाटक लिहिलं, 'मेव्हण्याची म्हस'. गेल्या दसऱ्याला वही जत्रेच्या कमिटीपुढं ठेवली, तर पोरं ती उलटी-सुलटी करून बघत बसली. बोलतात मराठी आणि कोंकणी, पण शाळा झालेली कानडी. वाचायचं म्हटलं की त्यांना कानडी अक्षर लागतं. त्यात अण्णाचं हस्ताक्षर म्हणजे भाताच्या खाचरात बदकं चालून गेल्यासारखं. "वाचाय येत न्हाई त्ये पाठ कसं करायचं?" असं म्हणून कमिटीनं जुनंच नाटक घेतलं, तेराव्यांदा.

त्या वाडीची रीत ठरलेली आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी एकमेकांना सोनं दिलं की देवापुढं नाटकाची वही ठेवायची, नारळ फोडायचा आणि तिथल्या तिथं कामं वाटायची. त्या संध्याकाळी जी वही उघडली तेच नाटक जत्रेला. मागाहून कुणी कितीही सांगितलं तरी बदल नाही. म्हणून ह्या वेळी येसूअण्णाला नऊ प्रती हव्या होत्या. जुन्या चार नटांना मराठी अक्षरांतल्या, पाच पोरांना तेच मराठी बोल कानडी अक्षरांत लिहिलेल्या. दोन अंक दोन्ही अक्षरांत तयार होते. तिसरा राहिला होता, आणि वाडीकडं जाणारी गाडी साडेतीनची होती. ती चुकली तर वही बंदच राहणार होती, आणि अण्णा यंदा अडुसष्ट वर्षांचा होता.

हे काम दुसऱ्या कुणाला जमलंही नसतं. केशरचं माहेर खानापूर तालुक्यात, शाळा मराठी. लग्न होऊन रामनगरात आली तेव्हा कानडी बोलायला यायचं, वाचायला नाही. नवरा परशू तिला स्टँडवर उभी करून बसच्या पाट्या वाचायला लावायचा. स्वतःहून वाचलेली पहिली पाटी उळवीची. वाचता आली ह्या आनंदात ती गाडीत चढली आणि देवदर्शन करूनच परतली. कंप्युटर तिच्याकडं आला तो कुठल्याशा हापिसातून निकालात निघालेला. बहिणीचा मुलगा विनोद बेळगावात कंप्युटरच्याच कामाला. त्यानं त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. "मावशे, जुन्या मशीनला ह्येच झेपतंय, आणि लोकांच्या पेन ड्राइव्हचे रोग बी लागत न्हाईत," म्हणाला. त्यानं फोनवर सांगायचं आणि हिनं लिहून घ्यायचं. लिहायला घरात एकच वही होती. त्या वहीत पुढच्या बाजूनं लोणची आहेत आणि मागच्या बाजूनं लिनक्स.

कीबोर्डाची बैठकही तिनंच लावलेली. ती वापरते त्या मांडणीत मराठी 'क' ज्या बटणावर, कानडी 'क'ही त्याच बटणावर. बोटांना वाट एकच, पडद्यावर अक्षरं निराळी. डावी आणि उजवी शिफ्ट एकदम दाबली की भाषा पालटते, इंग्रजीची मराठी, मराठीची कानडी, कानडीची परत इंग्रजी. मराठीचं कानडी आपोआप करून देणारं एक साधन तिनं पूर्वी वापरलं होतं. त्यानं एका लग्नपत्रिकेत जोडाक्षरांचा असा चुराडा केला, की तेव्हापासून ती सगळं हातानंच दोनदा मारते.

पावणेआठला बायजानं पूजा हलवली. केशरनं कीबोर्डावरची झेंडूची फुलं बाजूला केली, कुंकू फडक्यानं पुसलं, मशीन चालू केलं आणि पासवर्ड मारला.

पासवर्ड चुकला. पुन्हा मारला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा एकेक बटण मोजून मारला, तरी तेच.

"एक दिस निजू दिलं तर तुला इसरलं की गं त्ये," बायजा म्हणाली.

"चेष्टा नगं, आत्ती."

"म्या कुठं चेष्टा करायले? पूजा तर बरी झालती."

पडद्यावर कीबोर्डाचं चित्र आणायची सोय असते. केशरनं ते आणलं आणि माउसनं एकेक अक्षर टिपलं. दार उघडलं. येसूअण्णानं सुस्कारा सोडला, वही उघडली आणि घसा खाकरून सुरू केलं, "अंक तिसरा. पंच बसलेत. थोरला मेव्हणा म्हणतो, म्हस माझी हाय, खूण शिंगावर हाय."

केशरनं मारलं. 'म्हस' मराठीत आली. पुढं एक अक्षर कानडी, मग इंग्रजीतली मोठी अक्षरं, आणि शिंगाच्या जागी भलतंच काहीतरी.

येसूअण्णा वाकून बघत राहिला. "ही कुठली भाषा, बाय?"

"तिन्ही," केशर म्हणाली.

तिनं विनोदला फोन लावला. तो झोपेत होता.

"मावशे, आज सण हाय."

"म्हून तर लावला. कामावर असतास तर उचलला नसतास." आणि तिनं काय होतंय ते सांगितलं.

"काय बदललीस काय तू?"

"अष्टमीला अपडेट केलं. मग पूजेलाच बसवलं."

"मग अपडेटनंच बिघाडलंय. सगळं नव्यानं घाल."

"नव्यानं घालायला दोन तास, आणि तिन्ही भाषांची बैठक लावायला आणि दोन. माझ्याकडं येसूअण्णा बसल्यात, साडेतीनची गाडी हाय."

"मग लेआउट तेवढं परत सांगून बघ. तुझ्या वहीत हाय बघ, लिंबाच्या लोणच्याच्या पाठीमागं."

तिनं वही काढली आणि मशीनला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत ती ओळ जशीच्या तशी मारली: कुठल्या तीन भाषा, कुठली मांडणी, आणि भाषा पालटायला कुठली बटणं. मग नाटकाकडं वळली. दोन ओळी सरळ आल्या. येसूअण्णानं मांडीवर थाप मारली. तिसऱ्या ओळीत 'ण' काढायला तिनं उजवी शिफ्ट दाबली आणि मेव्हणा मधेच कानडी बोलायला लागला.

केशरनं हात काढून मांडीवर ठेवले. विनोदची विचार करायची पद्धत तिला ठाऊक होती, सगळं पाडायचं आणि परत बांधायचं. तिची पद्धत म्हशीच्या दुखण्यासारखी. आधी कुठं दुखतंय ते बघायचं.

"आत्ती, एक सांगा. सकाळी पासवर्ड का गेला न्हाई?"

"तू इसरलीस म्हून."

"इसरले असते तर माउसनं कसा गेला? आणि पासवर्डाच्या जागी नुसतं इंग्रजीच असतंय. मराठी न्हाई, कानडी न्हाई. भाषांचा घोळ असता तर तिथं आडायचं काय कारण? बोटानं मारला तर चुकला आणि माउसनं मारला तर बरोबर."

"मग दोष बोटाचा," बायजा म्हणाली.

"नायतर बोटाखालच्या बटणांचा."

वहीत आणखी एक हुकूम होता. तो दिला की एक छोटी खिडकी उघडते, आणि कीबोर्डावरचं कुठलंही बटण दबलं की त्याचा नंबर तिथं उमटतो. प्रत्येक बटणाला मशीनच्या लेखी एक नंबर असतो, अक्षर कुठलंही येवो. केशरनं खिडकी उघडली आणि हात पदरात घेऊन बसली.

"आता काय?" येसूअण्णानं विचारलं.

"आता सुम्म बसायचं, गप. कुणी हात लावू नगा."

तिघं पडद्याकडं बघत बसले. काही झालं नाही. बायजानं जांभई दिली. मग धुक्यातून घरघर आली, एक भरलेली लॉरी रस्त्यावरून गेली, कपाटाच्या काचा थरथरल्या, आणि खिडकीत भराभर ओळी उतरल्या. पन्नास दबलं. पन्नास सुटलं. पन्नास दबलं.

येसूअण्णा उठून उभा राहिला. "कुणी दाबलं?"

"म्या न्हाई," बायजा म्हणाली. जरा लगबगीनंच म्हणाली.

मोटरसायकल गेली. काही नाही. एक रिकामा टेम्पो गेला. एकच ओळ आली. येसूअण्णाला आता चेव चढला. तो टॉवेल खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि तिथून ओरडून सांगायला लागला, "आली, लाकडाची हाय, भरलेली." लॉरी गेली. पन्नास, पन्नास, पन्नास. "आता गोव्याची बस." पन्नास दबलं ते बस वळणाआड जाईपर्यंत सुटलंच नाही.

"बास, या आत," केशर म्हणाली. ती हसत होती. "अपडेट न्हाई, भाषा न्हाई, काय न्हाई. पन्नास म्हंजे डावी शिफ्ट. ती आपल्या आपण दबते. ती दबली की मोठी अक्षरं येतात, म्हून पासवर्ड गेला न्हाई. आणि त्यातच मी उजवी दाबली की दोन्ही शिफ्ट एकदम होतात. मशीनला वाटतंय बाई भाषा पालट म्हणाली."

"म्हंजे त्याची चूक न्हाई," येसूअण्णा म्हणाला.

"काय चूक न्हाई. बिचारं सांगितलेलं ऐकतंय."

तिनं कीबोर्ड उपडा करून थोपटला. झेंडूच्या पाकळ्या पडल्या, कुंकवाची पूड पडली, एक तुळशीची मंजिरी पडली. पन्नासची खोड गेली नाही. बटण उचकटून बघता आलं असतं, पण लांब बटणाच्या खाली एक तारेचं कडं असतं. मागच्या साली तिनं स्पेसचं लांब बटण काढलं होतं, तर ते कडं परत बसवायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत रामनगरचे सगळे अर्ज एका शब्दासारखे सलग गेले. आज तो धोका नको होता.

"गणेशकडनं मागून आणू काय?" येसूअण्णानं समोरच्या मोबाइलच्या दुकानाकडं हात केला.

"कुलूप हाय. सासरवाडीला गेलाय, खानापूरला. आणि असता तरी त्याची पूजा सोनं वाटल्यावर हलते."

"पूजेतलं हत्यार उचलून कोण देईल?" बायजा म्हणाली. "म्या तरी दिलं नसतं."

"ते काल कळलं," येसूअण्णा म्हणाला.

केशरनं वही चाळली. हवं ते कैरीच्या मागं सापडलं. "बटण दुरुस्त न्हाई करता आलं तरी मशीनला सांगता येतंय. पन्नास नंबर काय बी बोलला तरी ऐकू नगं म्हून."

"माझ्यागत," बायजा म्हणाली.

"तुमचं ऐकलं म्हून तर आज सकाळी बसलोय, आत्ती."

तिनं ती एक ओळ मारली. लॉरी गेली, अक्षरं जागची हलली नाहीत. डावी शिफ्ट मशीनपुरती मेली होती. पण ती मेली म्हणजे भाषा पालटायची जोडीही मोडली. म्हणून केशरनं दुसरी ओळ मारली. भाषा पालटायचं काम दोन शिफ्टकडून काढून डाव्या कडेच्या कॅप्सलॉकला दिलं. ते बटण नाहीतरी वर्षभर बसून खात होतं. दाबून बघितलं. मराठी, कानडी, इंग्रजी, बरोबर पालटलं.

"सांगा, अण्णा."

येसूअण्णानं सांगायला घेतलं. पंच बोलले, धाकटा मेव्हणा बोलला, अर्धं पान झालं. मग लाकडांची लॉरी आली, आणि धाकट्या मेव्हण्याच्या तोंडी पुन्हा भलतीच अक्षरं आली. केशरनं खिडकी उघडून बघितलं. पन्नास, पन्नास. मेलेली शिफ्ट उठून बसली होती.

अकरा वाजायला आले होते. धुकं जाऊन ऊन पडलं होतं आणि देवळाकडं ढोल घुमायला लागला होता. येसूअण्णानं वही मिटली. हळूच, तिला लागू नये अशा बेतानं.

"ऱ्हाऊ दे, बाय. औंदा बी जुनंच करतील. गड्याच्या ओळी मला पाठ हायत."

तो पुढं म्हणाला, "तसं ते बी काम वाईट न्हाई. सगळ्यात आदी मीच आत येतोय." आणि टॉवेलानं तोंड पुसलं.

बायजाच्या हातातलं सूप थांबलं. केशरचं अर्धं सोडलेलं काम तिनं घेतलं होतं. ती सुनेला म्हणाली, "तू पहिल्यांदा काय केलीस आणि मागनं काय केलीस, ते सांग बघू."

"पहिल्यांदा पन्नासला गप केलं. चाललं की ते, लॉरी गेली तरी चाललं. मागनं भाषा पालटायचं बटण बदललं. त्यासाठी सगळी बैठक नव्यानं सांगाय लागते, कुठल्या भाषा, कुठली मांडणी—" ती बोलता बोलता थांबली. तिची नजर दारातल्या रांगोळीवर गेली. "आत्ती, मी रांगोळी काढली आणि वरनं सारवलं."

"आं?"

"बैठक नव्यानं सांगितली की मशीन सगळं अंगण नव्यानं सारवतंय. आदी केलेलं पुसून जातंय. पन्नासला गप केलेलं बी त्यातच गेलं. आदी सारवायचं, मग रांगोळी."

"मग बेगी सारव की," बायजा म्हणाली.

तिनं दोन्ही ओळी एका छोट्या फाइलीत लिहिल्या. वर बैठकीची, खाली पन्नासला गप करायची. म्हणजे पुन्हा उलटसुलट व्हायची भीती नको. फाइल चालवली. येसूअण्णा न सांगता रस्त्यावर जाऊन उभा राहिला. एक लॉरी गेली, दुसरी गेली, गोव्याची बस गेली. तो दारातून डोकावला.

"बोललं काय पन्नास?"

"बोलतंय. कोण ऐकत न्हाई."

मग ती जी बसली ती उठली नाही. येसूअण्णाला सांगता सांगता अवसान यायचं. पंच आला की तो मान ताठ करायचा, मेव्हणा आला की कमरेवर हात. शिफ्ट एकच उरल्यामुळं केशरच्या उजव्या करंगळीवर सगळा भार पडला. सवयीनं डावी करंगळी मेल्या बटणावर जायची आणि 'ख'च्या जागी 'क' उमटायचा. ती मागं जाऊन दुरुस्त करायची. चुलीवर काही नव्हतं. सणाचं जेवण परशू शेतावरून आल्यावर, संध्याकाळी, असं बायजानं परस्पर ठरवून टाकलं होतं. ती सूप मांडीवर घेऊन बसली होती खरी, पण अर्ध्या तासात तिनं एक खडा काढला नव्हता.

शेवटच्या पानावर गाडी अडली. पंच निवाडा देतात, म्हशीला मोकळी सोडा, ती ज्याच्या दारात उभी राहील त्याची. म्हैस सरळ धाकट्या, गुणी मेव्हण्याच्या दारात जाते. पडदा.

"जात न्हाई," बायजा म्हणाली.

"कोण?"

"म्हस. ती कशाला जाईल त्याच्या दारात? त्याची बायको दुसऱ्या अंकात म्हायेरला गेल्या न्हवं? मग चारा कोण घालायलंय? त्याच्या गुणाला म्हस काय चाटणार हाय?"

येसूअण्णानं वहीकडं बघितलं, मग बायजाकडं बघितलं. "मग कुठं जाईल?"

"जी धार काढते तिच्या मागं. म्हायेरला."

"आणि दोघं मेव्हणं?"

"ते जातील की म्हशीच्या मागं. दुसरं काय करणार?"

येसूअण्णा गालात हसला, मग मोठ्यानं हसला, मग पेन्सिल मागून दोन ओळी खोडल्या आणि पाच लिहिल्या.

"अण्णा, साडेबारा," केशर म्हणाली.

मराठीचा अंक एकाला संपला. मग तिनं कॅप्सलॉक दाबून कानडी घेतली, मराठीची छापलेली पानं शेजारी उभी केली, आणि बोटांनी तीच वाट पुन्हा धरली. आता तिला सांगायला कुणी लागत नव्हतं. येसूअण्णा पायरीवर बसून तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात शेवट घोकत होता.

तीनला दहा मिनिटं असताना शेवटचं पान निघालं. झेरॉक्स झाली, प्रती लागल्या. टाचण्या सापडेनात, तेव्हा बायजानं चौकटीवरच्या माळेतला उरलेला दोरा आणला आणि दाभणानं नऊच्या नऊ प्रती टाके घालून शिवल्या. येसूअण्णानं वरची प्रत उघडली, पहिल्या पानावर स्वतःचं नाव वाचलं, कानडीतल्या प्रतीवरही बोट ठेवून विचारलं, "हितं बी हाय न्हवं?"

"हाय की. हे बघा, येसू. आणि हे वेळीप."

त्यानं खिशातून आपट्याची चार पानं काढली आणि केशरच्या हातावर ठेवली, दोन बायजाच्या.

"सोनं संध्याकाळच्या आदी देत न्हाईत," बायजा म्हणाली.

"संध्याकाळी मी नारळ फोडायलो असणार, वहिनी."

आणि प्रती टॉवेलात बांधून तो स्टँडकडं असा पळाला, की त्याच्या चौतीस वर्षांतल्या एकाही मालकानं त्याला तसं पळताना बघितलं नसेल.

घर एकदम गप झालं. केशरनं करंगळी चोळली, मशीन बंद केलं आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन चमच्याच्या दांड्यानं डावी शिफ्ट हळूच उचकटली. आता तीन दिवस लागले तरी चाललं असतं. तारेच्या कड्याशी एक तांदळाचा दाणा अडकला होता. कुंकवानं लाल झालेला, पाण्यानं फुगून दुप्पट झालेला. बटण नुसतं त्याच्यावर तोल धरून बसलं होतं. जरा हादरा बसला की दबायचं.

तिनं तो दाणा नखावर घेऊन सासूपुढं धरला.

बायजानं तो बघितला, मग रस्त्याकडं बघितलं. "दरसाल चार अक्षता टाकते. औंदा जरा मूठभर टाकल्या. वर तीर्थ बी शिंपडलं."

"मूठभर कशाला?"

"सारखं बिघडतंय म्हणायचीस न्हवं तू? म्हटलं, जरा चांगलं ऱ्हाऊ दे."

केशर दाण्याकडं बघत राहिली. हसू आवरेना तशी ती भिंतीला टेकली. बायजा आधी रागावल्यासारखी बसली, मग तिचंही तोंड वाकडं व्हायला लागलं.

"पुढल्या साली त्याला ताटाखाली झाकून ठेवीन, आत्ती. पूजा ताटाची करा."

"ताटाची करीन. पर हळद-कुंकू त्यालाच लावीन."

दाणा देवाचा, म्हणून बायजानं तो नेऊन तुळशीत टाकला. केशर तारेचं कडं घेऊन बसली आणि ह्या वेळी ते दुसऱ्याच खटपटीला खटकन बसलं. ह्याचं तिला इतकं नवल वाटलं की तिनं ते पुन्हा काढून पुन्हा बसवून बघितलं. छोटी फाइल तिनं तशीच ठेवली. कॅप्सलॉकवर भाषा पालटायची तिला दिवसभरात सवय झाली होती.

उन्हं खाली उतरली तेव्हा फोन वाजला. पलीकडं ढोल, घंटा आणि पोरांचा गलका. त्या सगळ्यातून येसूअण्णाचा आवाज आला.

"उघडली, बाय."

"वाचली काय पोरांनी?"

"वाचायल्यात. गावड्याचा पोरगा धाकटा मेव्हणा झालाय. मला थोरला दिला. वहिनीला सांग, म्हस म्हायेरला गेली तवा सगळं देऊळ हसलं." मागून कुणीतरी हाक मारली असावी, कारण तो फोनपासून तोंड वळवून म्हणाला, "आलो, मालक." आणि फोन बंद झाला.

केशरनं बायजाला सांगितलं. बायजा म्हणाली, "व्हय तर. म्हस जाणार कुठं?" आणि पदर खोचून चुलीकडं गेली. आतून तिचा आवाज आला, "भात कशाचा घालू? तांदूळ कुठं हाय निवडलेला?"

सूप सकाळी होतं तसंच, अर्धं. केशर ते घेऊन परत पायरीवर बसली, उजेड होता तिकडं तोंड करून. रस्त्यावरून लाकडांची लॉरी गेली, कपाटाच्या काचा थरथरल्या. तिनं सवयीनं एकदा मान वळवून दुकानात बघितलं, आणि मग वाकून खडे वेचायला लागली.